अठराव्या वर्षी चारशे अश्वशक्ती

माझा भाचा जूनमध्ये अठरा वर्षांचा झाला, ऑगस्टमध्ये त्याला पक्के लायसन्स मिळाले आणि दिवाळी झाल्यावर दाजींनी त्याच्यासाठी सेकंडहँड फोर्ड मस्टँग घ्यायचे ठरवले. पाच लिटरचे, आठ सिलिंडरचे इंजिन आणि सुमारे ४०० अश्वशक्ती. दाजींनी शून्यातून व्यवसाय उभा केला आहे, मुलाचे कौतुक करण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे आणि पैशांचा प्रश्न इथे नाहीच. तरीही ही गाडी इतक्यात त्या मुलाच्या हाती देऊ नये असे माझे ठाम मत आहे. घरात ते दोनदा सांगून झाले. आता सविस्तर लिहितो, कारण हाच विषय कोल्हापूर-सांगलीपासून पुण्यापर्यंत कितीतरी घरांत थोड्याफार फरकाने चालू असणार. कुठे मस्टँगच्या जागी टर्बो इंजिनची एसयूव्ही असेल, कुठे मोठी बाईक.

गेल्या महिन्यात आम्ही दोघे माझ्या वॅगनआरने गगनबावड्याला निघालो होतो. गाडी भाचा चालवत होता. उसाचा हंगाम सुरू झालेला, कळ्याच्या पुढे एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत चाललेला, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. तीन-चार किलोमीटर त्याच्या मागे राहून भाच्याचा धीर सुटत चालला. स्टिअरिंगवर बोटे वाजू लागली, गाडी सारखी मधल्या पट्ट्यापर्यंत जाऊन डोकावून परत येऊ लागली आणि मी ‘थांब’ म्हणेपर्यंत त्याने ती बाहेर काढलीसुद्धा. गिअर चौथाच होता. त्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबला, इंजिनचा नुसता आवाज वाढला, पण गाडी काही उचलेना. मागच्या ट्रॉलीच्या चाकापाशी आम्ही पोहोचलो असू, तेवढ्यात समोरच्या वळणातून दुधाचा टेंपो आला. भाच्याने ब्रेक मारून गाडी पुन्हा ट्रॅक्टरच्या मागे घेतली. बराच वेळ आम्ही कोणीच बोललो नाही. मग तोच हळूच म्हणाला, “मामा, मला वाटलं निघेल.”

ही हकीकत ऐकून दाजी म्हणाले की मस्टँग असती तर पोरगा सहज पार झाला असता. झालाही असता, आणि मला नेमकी त्याचीच भीती वाटते. त्या दिवशी त्याचा अंदाज चुकला होता आणि गाडीने ते त्याला तिथल्या तिथे, परत फिरता येईल इतक्या आधी दाखवून दिले. जोरदार गाडीने तीच चूक झाकून टाकली असती. चुकलेला अंदाज बरोबर होता असे त्याच्या मनाने धरले असते, पुढच्या वेळी त्याने त्याहून कमी अंतरात गाडी घातली असती, आणि असे करता करता ज्या दिवशी ४०० अश्वशक्तीही अपुरी पडेल त्या दिवशी वेग इतका असेल की मागे यायला जागाच उरणार नाही. समोरून येणारे वाहन किती लांब आहे, ते किती वेगाने येते आहे, आपल्याला किती रस्ता लागेल, हे डोळ्यांना कळायला काही हजार किलोमीटर जावे लागतात. त्या काळात चुका होणारच. त्या लहान असताना कळाव्यात, एवढीच माझी मागणी आहे.

वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते, हे शाळेत सगळेच शिकतात. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. म्हणजे दचकून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक बस आणि तिच्यामागची दुसरी बस एवढे अंतर ब्रेक न लागताच संपलेले असते. शिवाय मस्टँगचा सगळा जोर मागच्या चाकांवर येतो. ओल्या रस्त्यावर, वळणात, थोडा जास्त पाय पडला की मागची बाजू घसरून बाहेर जाऊ पाहते, आणि तेव्हा स्टिअरिंग किती उलटे फिरवायचे व पाय किती हलका करायचा हे हातापायांना आधीपासून ठाऊक असावे लागते. आमच्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि मातीचा जो राडा होतो, त्यात माझी साधी गाडीसुद्धा सरकते. चाके घसरू न देणारे ट्रॅक्शन कंट्रोल असते हे मान्य, पण ते बंद करण्याचे बटणही तिथेच हाताशी असते. गाडीत आणखी तीन मित्र बसलेले असतील तर अठरा वर्षांचा मुलगा त्या बटणाला हात लावणार नाही, अशी खात्री मी माझ्या भाच्याबद्दलही देऊ शकत नाही, आणि तो खरोखर गुणी मुलगा आहे. बरोबर समवयस्क असले की या वयातली मुले अधिक धोका पत्करतात, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकनने मोटारसायकलला धडक दिली आणि दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला. गाडी सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असा आरोप आहे. प्रकरण न्यायालयात असल्याने त्यात शिरत नाही. तेव्हा लोकांचा संताप दारूवर, पैशांच्या जोरावर आणि ३०० शब्दांच्या निबंधावर जामीन मिळाला त्यावर होता, आणि तो रास्तच होता. पण मला तेव्हापासून आणखी एक प्रश्न छळतो आहे. समजा मुलगा अठरा पूर्ण झालेला असता, शुद्धीत असता, खिशात लायसन्स असते, तर दोन टनांहून जड आणि पाय दाबताक्षणी पूर्ण जोर देणारी विजेची गाडी त्याच्या हाती देणे योग्य ठरले असते का?

आपल्या कायद्याप्रमाणे ठरले असते. अठराच्या आतल्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे चांगलेच झाले. मात्र अठरावा वाढदिवस उलटला की आठशे सीसीच्या गाडीवर चाचणी देऊन मिळालेल्या लायसन्सवर उद्या मस्टँगही चालवता येते, परवा लँबॉर्गिनीही. जिथे लँबॉर्गिनी आणि फेरारी तयार होतात त्या इटलीत हे चालत नाही. तिथे डिसेंबर २०२४ पासून नव्या लायसन्सवाल्याला पहिली तीन वर्षे १०५ किलोवॅटपेक्षा, म्हणजे सुमारे १४० अश्वशक्तीपेक्षा, जास्त ताकदीची, किंवा दर टन वजनामागे ७५ किलोवॅटपेक्षा जास्त जोर असलेली साधी कारसुद्धा चालवता येत नाही. मस्टँगची ताकद त्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट भरते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्समध्ये नवख्यांसाठी दर टनाला १३० किलोवॅट ही मर्यादा आहे. मस्टँग तिथेही बसत नाही. ॲडलेडला २०१९ मध्ये लँबॉर्गिनीच्या धडकेत पंधरा वर्षांची एक मुलगी गेली, तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला, आणि साउथ ऑस्ट्रेलियात अतिशक्तिशाली गाड्यांसाठी वेगळे लायसन्स आले. अशा गाडीतील सुरक्षा यंत्रणा बंद करणे हाही तिथे गुन्हा ठरवला आहे. आपल्याकडे असा नियम येईल तेव्हा येईल. तोवर तो घरातच करावा लागेल.

दाजींचा एक मुद्दा मात्र मला मनापासून पटतो. महाग गाडी मजबूत असते, तिचे ब्रेक चांगले असतात, आणि ‘शिकण्यापुरती’ म्हणून मुलाला एअरबॅग नसलेला जुना डबा देणे हेही चूकच आहे. मात्र आता त्यासाठी मस्टँगपर्यंत जायची गरज राहिलेली नाही. २०२४ च्या स्विफ्टमध्ये सहा एअरबॅग आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सगळ्या प्रकारांत मिळते, आणि ८२ अश्वशक्तीची ती गाडी इटलीच्या मर्यादेतही बसते.

भाच्याला वेगाची ओढ आहे आणि ती मारून टाकावी असे मला अजिबात वाटत नाही. त्याला मी सांगितले आहे की कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर आपण मिळून जाऊ. तिथे नवोदित रेसर ज्या फॉर्म्युला एलजीबी गाड्यांमध्ये शर्यतीचे धडे गिरवतात, त्यांतही स्विफ्टचेच १३०० सीसी इंजिन असते. ज्यांना वेगातच आयुष्य काढायचे आहे, जे हेल्मेट घालून मोकळ्या ट्रॅकवर चालवतात आणि ज्यांच्या समोरून कधी उसाची ट्रॉली येत नाही, तेसुद्धा पायरी-पायरीने चढतात. भाच्यानेही दोन पावसाळे आणि दोन ऊस हंगाम साध्या गाडीवर काढावेत. मग विसाव्या वर्षी त्याने मस्टँग मागितली तर मी स्वतः दाजींकडे त्याची बाजू मांडेन.

दाजींनी डीलरला दोन लाख रुपये टोकन दिले आहे आणि व्यवहार मोडला तर ते परत मिळणार नाही असे डीलरने सांगितले आहे. ताई गेले आठ दिवस नीट झोपलेली नाही. काल रात्री फोनवर मी दाजींना म्हणालो की दाजी, ते दोन लाख जाऊ द्या, निम्मे मी भरतो. ते ‘रविवारी बघू’ म्हणाले आहेत. रविवारी मी सकाळीच त्यांच्या घरी जाणार आहे.