त्या ओरडण्यावर हसू नका

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी एक जुना व्हिडिओ टाकला. गाडीच्या खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेला एक फ्रेंच माणूस दारावर हात आपटत घसा फाटेस्तोवर ओरडतोय. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ‘काकांचं बीपी वाढेल’, ‘याला डॉक्टरकडे न्या रे’. दुपारपर्यंत गप्प बसले. आता बसवत नाही.

तो माणूस मार्क मादियो, सायकलच्या एका संघाचा व्यवस्थापक. दिवस 8 जुलै 2012. गाडीच्या पुढे सायकलवर आहे तिबो पिनो, वय 22, त्या वर्षीच्या तूर द फ्रान्समधला, म्हणजे तीन आठवडे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या त्या मोठ्या सायकल शर्यतीतला, सगळ्यात लहान. त्याची पहिलीच तूर. स्वित्झर्लंडमधलं पोराँत्रुई जवळ आलंय, पोरगं एकटं पुढे आहे आणि मागून आदल्या वर्षीचा विजेता कॅडेल इव्हान्स इतरांबरोबर पाठलाग करतोय. पोरानं त्या दिवसाचा टप्पा 26 सेकंदांनी जिंकला. तुम्हाला त्यात वेडा माणूस दिसला. मला आमचे सर दिसले.

1994. पसरणी घाट. राज्याच्या संघासाठी निवड चाचणी, आम्ही सगळ्या मिळून अकरा मुली. सरांचा पुतण्या राजदूत मोटारसायकल चालवत होता आणि सर मागे फूटरेस्टवर उभे राहून ओरडत होते. ‘ऊठ सीटवरून! वळणापर्यंत! नुसतं वळणापर्यंत!’ एक वळण संपलं की पुढचं. त्यांनी मला घाटाचा माथा कधी सांगितलाच नाही. तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत खंडाळ्याचा घाट चढलेला माणूस होता तो. माथा सांगितला की पाय मरतात, हे त्यांना ठाऊक होतं.

मादियोलाही असंच सगळं ठाऊक होतं. पॅरिस-रूबे ही शर्यत त्याने दोनदा जिंकली, 1985 आणि 1991 साली. अडीचशेहून जास्त किलोमीटर, त्यातले कितीतरी जुन्या दगडी फरशीच्या रस्त्यांवरून. जिंकणाऱ्याला ट्रॉफी म्हणून त्याच रस्त्याचा एक दगड मिळतो. तो शिकला सिरिल गिमारच्या हाताखाली. गिमारही मुळात शर्यतीतलाच, आणि त्याने संघ चालवताना व्हान इम्प, इनो आणि फिन्यों यांच्याकडून मिळून सात तूर जिंकून घेतल्या. पुढे मादियोने स्वतःचा संघ उभा केला, 1997 साली, फ्रान्सच्या लॉटरी कंपनीच्या पैशावर. पहिल्याच वर्षी त्याचा फ्रेदेरिक गेदों पॅरिस-रूबे जिंकला! तुम्ही कल्पना करा, स्वतः दोनदा आणलेला दगड आता तुमचा पोरगा घेऊन येतोय.

आणि सायकलचा संघ चालवणं म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला कळतच नाही. रस्त्यावरच्या शर्यतीला तिकीट नसतं. सगळा पैसा प्रायोजकाचा. तो गेला की संघ गेला, मेकॅनिक गेले, मालिशवाले गेले, पोरं रस्त्यावर. मोठमोठे संघ असे बुडाले. मादियोने तोच प्रायोजक वर्षानुवर्षं टिकवला. 2007 साली उत्तेजक औषधं घेणाऱ्यांविरुद्ध काही संघ एकत्र आले, त्यातही त्याचा संघ पहिल्यापासून होता.

हो, शर्यत मारलेला प्रत्येक जण चांगला व्यवस्थापक होतो असं नाही. ब्यार्न रीसने 1996 ची तूर जिंकली, नंतर मोठा संघ चालवला आणि 2007 साली ईपीओ हे बंदी असलेलं उत्तेजक घेतल्याचं कबूल केलं. मान्य. पण म्हणून जन्मात सायकलवर न बसलेल्यांनी खेळाडूंचे निर्णय घ्यायचे का? पसरणीला आमच्या निवडीचा प्रमुख मंडपात खुर्चीवर बसला होता. मला बघून त्याने एकच विचारलं, ‘हिचा नंबर कितवा?’ त्याला मी खाली घाटात का उतरले हे ऐकायचंच नव्हतं. तीस वर्षं झाली, तो प्रश्न अजून टोचतो.

आता मादियोबद्दल मला न आवडणारी गोष्टही लिहिते, नाहीतर मैत्रिणी मला सोडणार नाहीत. 1987 साली टीव्हीवर, समोर फ्रान्सची सायकलपटू जेनी लाँगो बसलेली असताना, हा म्हणाला होता की बाई सायकलवर कुरूप दिसते. लाँगोला! त्याच वर्षी बायकांची तूर जिंकलेल्या लाँगोला! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रडले होते. आज त्याच लॉटरी कंपनीच्या, एफडीजेच्या, नावाने बायकांचा उत्तम संघ धावतो, पण तो उभा करणारे दुसरे. ते मी त्याला माफ केलेलं नाही.

तरीही.

जुलै 2019. पिनो तूरमालेच्या डोंगरावरचा टप्पा जिंकून पाचव्या क्रमांकावर होता, पिवळ्या जर्सीपासून, म्हणजे एकूण पहिल्या असलेल्यापासून, दोन मिनिटांच्या आत. इनोच्या 1985 नंतर एकही फ्रेंच माणूस तूर जिंकलेला नाही, आणि त्या वर्षी सगळा फ्रान्स याच्याकडे बघत होता. शेवटून तिसऱ्या दिवशी डाव्या मांडीचा स्नायू फाटलेला. तो सायकलवरच रडत होता, शेजारून संघातला जोडीदार विल्यम बोने त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालवत होता. मग तो उतरला. मी घरी टीव्हीसमोर उभी राहिले होते. माझी मांडी दुखत होती, खरंच सांगते.

कारण पसरणीला सातव्या वळणावर माझ्या मांडीत गोळा आला होता. मी उतरले आणि रस्त्याच्या कडेला बसून हुंदके देत राहिले. तासभर ओरडणारे सर एकदम गप्प. राजदूत थांबवली, माझ्या शेजारी कठड्यावर बसले, थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. किती वेळ बसलो माहीत नाही. मग उठले आणि माझी सायकल स्वतःच्या खांद्यावर घेऊन घाट उतरायला लागले. एक शब्द नाही बोलले. पुढच्या सोमवारी पहाटे साडेपाचला दारात हजर.

पिनो तेव्हा मोडला, पण 2010 पासून 2023 ला थांबेपर्यंत मादियोच्याच संघात राहिला. शेवटच्या तूरमध्ये, त्याच्या घराजवळच्या डोंगरात, पती बालोंच्या चढावर त्याच्या चाहत्यांनी एक अख्खं वळण अडवलं होतं. ‘पिनोचं वळण’. आणि तो तिथे पोचला तेव्हा सगळ्यांच्या पुढे होता, एकटा. टप्पा दुसऱ्यानेच जिंकला.

सरांना आता कमी ऐकू येतं. रविवारी त्यांच्याकडे जाणार आहे. आधी पोराँत्रुईचा व्हिडिओ दाखवीन, आवाज पूर्ण मोठा करून. मग या वळणाचा.