बोर्ड ठीक, पण शिरोरेषा सांभाळा

दुकानाच्या दिवाळीच्या सोशल मीडिया पोस्टसाठी पिंटरेस्टवर बोर्ड करा, म्हणजे आवडलेले नमुने एका जागी जमवा, असं एका लेखात सुचवलंय. जरूर करा, पण तिथले बहुतेक नमुने रोमन अक्षरांचे. तीच मांडणी मराठीत आणली की गडबड होते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते, ‘शुभेच्छा’चे तुकडे पडतात, म्हणून ते अंतर शून्यच ठेवा. ओळींचं अंतर अक्षरांच्या आकाराच्या १.२ पट असेल तर वरच्या ओळीतला ‘ट्टू’ खालच्या ‘र्की’च्या रफारावर आदळतो. १.५पासून सुरुवात करा. कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीतच, तेव्हा जोर द्यायचा तो जाडीने: मुक्ता हा फॉन्ट घेतलात तर मथळा ८०० जाडीचा, मजकूर ४००. वेबपानावर भाषा ‘एमआर’ (mr, म्हणजे मराठीचा कोड) नोंदवा; फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे. (पुण्यात हे कुणीतरी बोलून दाखवणारच!)

कल्पनांसाठी पुण्यातल्या सदाशिव, नारायण पेठेत पायी फिरा, तिथल्या पाट्या वाचा. पाटीवर एकच मुद्दा असतो, दारात उभ्या माणसाला उद्देशून. आपल्या १०८० बाय १३५० पिक्सेलच्या पोस्टवर मात्र ऑफर, पत्ता, तीन फोन नंबर आणि वर पणती. फोन हातभर लांब धरा. मथळा वाचता आला नाही तर आधी पणती काढा.