शून्य लावलं का?

मायक्रोप्रोसेसरच्या लॅबमध्ये मी दिवसभर एकच प्रश्न विचारत फिरतो. पोरगं ८०८६ या मायक्रोप्रोसेसरचा प्रोग्रॅम लिहितं, 'मूव्ह एएल, एफएफएच', म्हणजे एएलमध्ये एफएफ ठेव. शेवटचा 'एच' हेक्सचा, म्हणजे सोळाच्या पायावरच्या मोजणीचा; तिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ ही अक्षरं. मासम, म्हणजे प्रोग्रॅमचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा असेम्बलर, म्हणतो, या नावाचं इथे कोणी राहत नाही. पोरगं हिरमुसतं. "सर, २५५च तर आहे!" आहे रे बाबा. पण अक्षराने सुरू झालं की असेम्बलर त्याला नाव समजतो. आकडा म्हणून मिरवायचं तर पुढे अंक हवा, म्हणून ०एफएफएच. या शून्याची किंमत शून्य, पण त्याच्यावाचून अडतं.

एरर आली तर नशीबच म्हणायचं. खरा छळ अकराचा. हेक्समध्ये अकरा म्हणजे 'बी', त्याला शेपूट 'एच'चं. झालं 'बीएच'. आणि ८०८६मध्ये बीएच नावाचं रजिस्टर, म्हणजे आकडा ठेवायचा कप्पा, आहे! असेम्बलर हूं की चूं न करता त्या रजिस्टरमध्ये जे काही पडलंय ते उचलून देतो. दहा, बारा, तेरा यांचीही हीच गत. चौदा आणि पंधरा तेवढे सज्जन, लगेच बोंब मारतात.

प्रत्येक बॅचमध्ये एक हुशार असतोच. तो वर 'रॅडिक्स १६', म्हणजे सगळे आकडे हेक्सच धर, असं लिहून 'एच'ची कटकट मिटवतो आणि कुठेतरी दशमान दहा हवा म्हणून १०डी लिहितो. पण आता 'डी' हाही अंकच! मिळतात २६९. तिथे दशमानासाठी 'टी' लावायचा असतो, बायनरीसाठी 'वाय'. हे ज्याने ठरवलं त्याला एकदा आमच्या लॅबवर बसवायला हवं.

जुन्या डॉसच्या डीबग या प्रोग्रॅममध्ये सगळंच हेक्स. १० म्हणजे सोळा, आणि कौतुकाने 'एच' लावलात तर एरर. सोळा आण्यांच्या रुपयात वाढलेल्या आमच्या आजोबांना ते चटकन जमलं असतं.

त्यात यंदा एकाने लिनक्सचा लॅपटॉप आणला. शून्य लावा, शून्य लावा म्हणून मी घसा कोरडा केलेला. त्याने गुणी बाळासारखं ०१० लिहिलं. लिनक्सवरच्या गॅस या असेम्बलरमध्ये पुढचं शून्य म्हणजे ऑक्टल, आठाच्या पायावरची मोजणी; आले आठ. शेजारच्याने तेच नॅसम या दुसऱ्या असेम्बलरमध्ये चालवलं, आले दहा. दोघेही माझ्याकडे बघत उभे.

परवा तोंडी परीक्षेत एक्स्टर्नलनी त्या लिनक्सवाल्यालाच सोपा प्रश्न टाकला, "एक-शून्य म्हणजे किती?"

"कुठल्या असेम्बलरमध्ये, सर?"

मार्क पूर्ण पडले. शेऱ्यात मात्र 'उलट बोलतो' असं लिहिलंय.