चरबी वितळवा, बसल्या जागी

वजन कमी करायचं ठरलंय ना? मग आधी चालायला जाणं बंद करा. चालण्याला एमआरपी नसते, म्हणून त्यावर विश्वास बसत नाही. त्यापेक्षा कॅप्सूलचा हिरव्या झाकणाचा डबा मागवा. त्यावर 'गार्सिनिया कंबोजिया' असं छापलेलं असेल, ते दोनदा मोठ्यानं वाचा. नुसत्या उच्चारानंही अर्धा पाव उतरल्यासारखं वाटतं.

ही आपल्या आमसुलाची मलबारातली बहीण. केरळात माशाच्या कालवणाला आंबटपणा आणायला तिला घालतात, एवढाच तिचा लौकिक. पण हे घरात कुणाला सांगू नका. नाहीतर दारात रातांबे असूनही कोकणातल्या काकांचं पोट का सुटलं, असं कुणीतरी विचारायचं, आणि सोलकढी पिणाऱ्या मंडळींकडे याचं उत्तर नसतं.

आता मागची बाजू वाचा. शक्यतो वाचू नकाच, पण चष्मा हाताशी असेल तर वाचा. 'अर्क 500 मिलिग्रॅम, 60 टक्के एचसीए.' एचसीए म्हणजे हायड्रॉक्सीसिट्रिक आम्ल. पिष्टमय पदार्थांपासून चरबी बनवायला लागणारं एक एन्झाइम ते अडवतं, आणि उंदरांमध्ये याचा चांगला परिणाम दिसला होता. दिवसाला दोन कॅप्सूल घेतल्या की 600 मिलिग्रॅम एचसीए पोटात गेलं, खूश राहा. काही डब्यांवर तर आठ-दहा वनस्पती मिळून एकच आकडा दिलेला असतो, कुठली किती याचा पत्ताच नाही. ते कंपनीचं गुपित. गुपित आहे म्हणजे गुणकारी असणारच.

माणसांवर काय झालं हे विचारण्याचा आगाऊपणा 1998 साली न्यूयॉर्कचे संशोधक हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी केला. जास्त वजनाच्या 135 जणांना 12 आठवडे कमी कॅलरीचा आहार दिला. निम्म्यांना रोज 1,500 मिलिग्रॅम एचसीए, म्हणजे तुमच्या दोन कॅप्सूलच्या अडीचपट. बाकीच्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली पोकळ गोळी. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं आणि पोकळ गोळीवाल्यांचं 4.1. हा फरक योगायोगानंही पडू शकतो, असं संख्याशास्त्र म्हणतं. तुम्ही मात्र शांतपणे दुकानदाराकडे पोकळ गोळी मागा. ती स्वस्तही पडेल.

पुढे 2011 मध्ये लहानमोठ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तेव्हा एचसीएवाल्यांचं वजन पोकळ गोळीवाल्यांपेक्षा सरासरी 0.88 किलो जास्त उतरलेलं निघालं. पोटाच्या तक्रारी मात्र दुप्पट. वाईट वाटून घेऊ नका, पोट बिघडलं की वजन उतरतंच.

अन्नसुरक्षा परवान्याचा 14 आकडी नंबर डब्यावर आहे ना? मग झालं तर. तो वस्तू बनवण्या-विकण्यासाठी असतो, परिणामाची हमी म्हणून नाही, असल्या बारकाव्यात शिरू नका. शेजारीच 'औषधी वापरासाठी नाही' असं लिहिलेलं असतं. लठ्ठपणा बरा करण्याच्या औषधाची जाहिरात करायला 1954 च्या कायद्यानं मनाई आहे. त्यामुळे डबा तुमचा लठ्ठपणा 'बरा' करत नाही, तो 'वजन व्यवस्थापनाला साह्य' करतो. एवढं विनयशील उत्पादन दुसरं सापडणार नाही. खाली बारीक अक्षरात 'संतुलित आहार आणि व्यायामासोबत उत्तम परिणाम' असंही असतं, पण तेवढ्यासाठी डबा कशाला उघडायचा?

नैसर्गिक आहे, म्हणजे अपाय नाही, हे तर पाठच असेल. धोतराही नैसर्गिक आहे, हे विसरा. गार्सिनियाच्या कॅप्सूल घेणाऱ्यांपैकी काहींना यकृताची गंभीर इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. पण तुम्ही ती नियतकालिकं मागवत नाही, मग काळजी कसली!

आणि एखाद्या डब्यानं खरंच चमत्कार केला, पहिल्याच आठवड्यात भूक मेली, काटा झपाझप खाली आला, तर आनंदाच्या भरात छातीतल्या धडधडीकडे लक्ष देऊ नका. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे 2010 मध्ये अमेरिकेत आणि युरोपात बाजारातून काढलं, 2011 मध्ये भारतातही बंद केलं. तेच 'शंभर टक्के हर्बल' म्हणवणाऱ्या गोळ्यांत पुन:पुन्हा सापडलेलं आहे. लेबलवर त्याचं नाव नसतं, त्यामुळे डॉक्टरांनी 'काय घेता?' विचारलं तर 'काही नाही, जडीबुटी' असंच सांगा. ईसीजी काढायला त्यांना मग भरपूर वेळ मिळेल.