स्पेलिंग तपासू नका, मिसळ खायला जा

अहो, कशाला डोळे फोडून घेताय त्या स्क्रीनवर? कोडमधे काय टाईप करायचंय ते साधारण टाईप करा, चुकलेलं स्पेलिंग कंपायलरने (कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्रॅम) गुपचूप आपणच सुधारून घ्यावं की.

समजा कॉलेज रोडवरच्या एखाद्या मिसळवाल्याचं बिलिंगचं काम तुमच्याकडे आलंय. कोडमधे रेट आहे, डेट आहे, आणि तुमचं बोट घसरून झालं फेट. कीबोर्ड बघा ना, एफला आर पण चिकटलेलं आणि डी पण, आता कंपायलरने ओळखायचं तरी काय, पण तो हुशार, वरच्या ओळीत डेट दिसली की तीच घेणार आणि चकार शब्द न बोलता पुढं जाणार. मग मिसळ एक तारखेला १ रुपया आणि एकतीसला ३१. महिनाअखेरीला जरा महाग पडेल, पण तर्री तीच आहे, तक्रार कोण करतंय (मालक सोडून).

आणि हे शास्त्राला धरून आहे बरं का. डॅमरो नावाच्या संशोधकाने १९६४ सालीच दाखवलंय की तपासलेल्या चुकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त चुका एकाच अक्षराच्या किंवा शेजारची दोन अक्षरं उलटी पडल्याच्या असतात. म्हणजे अंदाज बांधायला सोपं. आता तो अंदाज रेटवर बसतो का डेटवर, एवढंच काय ते नशीब.

ते क्लँग वगैरे आजचे कंपायलर भलतेच भित्रे. शब्द सुचवतात आणि वर एरर देऊन अडून बसतात. कॉर्नेल विद्यापीठाचा पीएल/सी कंपायलर बरा होता, १९७० च्या दशकात पोरांचा कसलाही प्रोग्रॅम नीट करून चालवायला बघायचा, फक्त काय बदललं ते छापून द्यायची खोड होती. ती तेवढी बंद करा.

खरा आदर्श झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्राचा. तिथं वॉरन टाइटलमनने कमांड वाचणाऱ्या प्रोग्रॅममधेच अशी दुरुस्ती घातली. एकाला जुन्या बॅकअप फायली उडवायच्या होत्या, त्यांच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह असायचं, तर त्याने स्टार-डॉलर (स्टार म्हणजे कुठलंही नाव) डिलीट म्हणून सांगितलं. तशी एकही फाईल नव्हती. मग सिस्टीमने समजून घेतलं की बिचाऱ्याला नुसतं स्टार म्हणायचं असणार, आणि सगळ्याच फायली उडवायला घेतल्या. किती ती माया! पाच-सहाच गेल्या म्हणे, कारण त्या माणसाने मधेच मशीन बंद पाडलं. दम नाही लोकांना.

तुम्ही निदान गिटचं (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं टूल) ऑटोकरेक्ट तरी १० वर ठेवा, म्हणजे चुकलेली कमांड ते सुधारून, जरा थांबून, आपणच चालवेल. दहा सेकंद वाटतील, पण तो आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे हातात एक सेकंद. आणि थांबवायला कंट्रोल-सी शोधत बसू नका, बोट तिथं जाईपर्यंत पुश झालेलं असतं, म्हणजे कोड सर्व्हरवर पोचलेला.