इलेक्ट्रॉनिक ट्रिब्यूट सीडीवरच्या ‘एक स्टार’ अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार.

राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, “एसी/डीसी म्हणून सीडी नेली. घरी लावली तर नुसता मशीनचा धिंगाणा. गिटारचा पत्ता नाही, गाणारा भलताच. ही सरळ चोरी आहे. असला डॉल्बीछाप माल ठेवायचा असेल तर दारावर ‘रॉक’ लिहू नका. खऱ्या रॉकवाल्यांचा हा अपमान आहे.”

तुमचा राग एसी/डीसी या ऑस्ट्रेलियन हार्ड रॉक बँडवरच्या प्रेमातून आलाय, हे वाचताक्षणी कळलं. म्हणून दोन ओळींत आभार मानून मोकळं न होता सविस्तर लिहितोय. हा प्रश्न दुकानात बाकीचेही विचारतात, त्यांनाही वाचता येईल.

आधी सीडीबद्दल. इलेक्ट्रॉनिक ट्रिब्यूट आल्बमचा, म्हणजे एखाद्या बँडची गाणी दुसऱ्यांनी यंत्रांवर नव्याने करून काढलेल्या आल्बमचा कप्पा मूळ आल्बमच्या रांगेत नाही. काउंटरच्या डाव्या हाताला तो वेगळा ठेवलाय आणि त्यातल्या प्रत्येक डिस्कवर आम्ही मराठीत पट्टी लावतो : ‘मूळ बँडचं वादन नाही’. तुमच्या डिस्कवरही ती आहे. कंपनीने कव्हरवर बँडचं नाव मोठं आणि ‘ट्रिब्यूट’ बारीक छापलंय, हे मात्र खरं, आणि ती पद्धत मलाही पटत नाही. ऐंशीच्या दशकात ज्यांनी कॅसेटी विकत घेतल्या त्यांना हा अनुभव चांगला ठाऊक आहे : कव्हरवर सिनेमाचं नाव, आत दुसऱ्याच कुणाचा आवाज. आपल्याकडे 2012 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हापासून असं कव्हर व्हर्जन काढायचं तर मूळ गाणं येऊन पाच वर्षं उलटावी लागतात, मूळ कलाकाराचं नाव किंवा चित्र वेष्टनावर वापरता येत नाही, आणि ते कव्हर व्हर्जन आहे असं स्पष्ट छापावं लागतं. चांगला नियम आहे. तुम्ही नेलेली डिस्क अमेरिकेत निघालेली, तिथल्या पद्धतीने छापलेली. म्हणून तर पट्टी आम्ही लावतो.

चोरीचा आरोप मात्र मला मान्य नाही. अमेरिकेच्या कायद्यात एकदा प्रसिद्ध झालेलं गाणं ठरलेली रॉयल्टी भरून कुणालाही नव्याने ध्वनिमुद्रित करता येतं. पैसे गीतकार-संगीतकारांच्या हक्कदारांकडे जातात. म्हणजे अशा आल्बमच्या विक्रीतून एसी/डीसीचे गिटारवादक भाऊ अँगस आणि (आता हयात नसलेला) माल्कम यंग यांच्या गाण्यांच्या हक्कदारांकडेही वाटा जातो. मिळत नाही ते मूळ ध्वनिमुद्रण. ज्या टेपवर गिटार, ड्रम, आवाज वेगवेगळे नोंदलेले असतात त्या टेप बँडच्या आणि कंपनीच्या ताब्यात असतात, आणि छोट्या लेबलला त्या कुणी देत नाही. त्यामुळे कव्हरवर ‘रिमिक्स’ असं छापलेलं असलं तरी यातले बहुतेक आल्बम पहिल्या ठोक्यापासून नव्याने बांधलेले असतात. गाणारा भलता वाटला त्याचं कारण हेच.

हे आल्बम एवढे का निघाले, त्याचीही एक गोष्ट आहे. लॉस एंजेलिसमध्ये 1992 साली क्लिओपात्रा रेकॉर्ड्स हे लेबल सुरू झालं. गॉथ (उदास, काळोख्या ढंगाचं रॉक) आणि इंडस्ट्रियल (यंत्रांच्या कर्कश आवाजांचं संगीत) बँड त्यांच्याकडे होतेच. त्या बँडांकडून त्यांनी जुन्या हार्ड रॉकची गाणी करून घ्यायला सुरुवात केली. 1997 मध्ये एसी/डीसीचा, 1998 मध्ये मेटॅलिकाचा इंडस्ट्रियल ट्रिब्यूट आला. पुढे गाणी इंटरनेटवर विकत मिळू लागली, पण एसी/डीसी 2012 च्या नोव्हेंबरपर्यंत आयट्यून्सवर आलेच नाहीत. तिथे त्यांचं नाव शोधणाऱ्याला मूळ गाणं सापडत नसे, ट्रिब्यूट सापडत असे. ती मोकळी जागा पाहून घाईघाईत पुष्कळ टुकार माल निघाला. तो मी ठेवत नाही.

टुकार कोणता आणि चांगला कोणता, हे मी कसं ठरवतो ते सांगतो, कारण तुमची खरी तक्रार तिथेच आहे. तुम्ही लिहिलंय की गिटार नाही म्हणजे रॉक नाही. मी गिटार शोधत नाही, रिफमधली, म्हणजे गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या तुकड्यामधली रिकामी जागा शोधतो.

एसी/डीसीच्या ‘बॅक इन ब्लॅक’चा रिफ आठवा. मिनिटाला साधारण 90 ते 95 ठोके, फार वेगवान नाहीच. कॉर्ड कडाडून पडतात आणि लगेच हात दाबून बंद होतात. मग गिटारची शांतता. मग वरच्या सुरात एक छोटी उतरंड. पुन्हा शांतता. ड्रम साधा ठोका धरून असतात, ती जागा भरून टाकत नाहीत. त्या गाण्याचा सगळा रुबाब या थांबण्यात आहे. माल्कम यंगचा उजवा हात जगातल्या सर्वोत्तम ऱ्हिदम गिटारवाल्यांत का मोजतात, ते तिथे ऐकू येतं. आता एखाद्या आळशी निर्मात्याने हे गाणं 130 किंवा 140 च्या, ट्रान्स या नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या गतीवर ढकललं आणि खाली प्रत्येक मात्रेला किक ड्रम टाकला, तर काय होतं? थांबायला जागाच उरत नाही. सूर सगळे बरोबर असतात, पण रिफ मेलेला असतो. “नुसता धिंगाणा” असं तुम्ही ज्याला म्हटलंय ते हेच असेल, तर त्या गाण्यापुरतं आपलं एकमत आहे.

पण त्याच तुमच्या सीडीवर ज्या गाण्यांनी गती वाढवलेली नाही, ती पुन्हा ऐका. तिथे किक ड्रम जागा सोडून बसवलाय आणि गिटारचं काम सिंथेसायझरच्या करवती (करवतीच्या दातांसारख्या आकाराच्या) लहरीला दिलंय. ते जमतं, याला कारण आहे. ट्यूब अँप्लिफायर मर्यादेबाहेर ताणला की लहरीचे माथे कापले जातात आणि मूळ सुराच्या वर स्वरांशांची, म्हणजे त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांच्या सुरांची रांग उभी राहते. गिटारची ती गुरगुर म्हणजे हीच रांग. करवती लहरीत हे सगळे स्वरांश मुळातच असतात. हार्ड रॉकचे पॉवर कॉर्डही षड्ज-पंचमाचेच, त्यात गांधार नसतो, कारण एवढ्या डिस्टॉर्शनमध्ये गांधार घातला की आवाज गढूळ होतो. म्हणजे रिफचा सांगाडा इतका साधा आणि मजबूत आहे की वाद्य बदललं तरी तो उभा राहतो. शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या जाणत्या फिटरने इंजिन खोलून पुन्हा बांधावं तसं हे काम आहे. खोलल्याशिवाय कोणता भाग कशाला धरून आहे ते कळत नाही.

मला हे आल्बम आवडतात ते यासाठीच. चांगला ट्रिब्यूट ऐकून मूळ गाण्याकडे परत गेलो की त्यात आधी न ऐकलेलं काहीतरी सापडतं. माझ्या दुकानात तरुण मुलं उलट्या वाटेनेही येतात : आधी इलेक्ट्रॉनिक ऐकतात, मग विचारतात, “मूळ कुणाचं?” आणि ब्लॅक सॅबथ घेऊन जातात. त्या कप्प्याने एसी/डीसीचं एकही गिऱ्हाईक कमी केलेलं नाही.

राहिला ‘खऱ्या रॉक’चा मुद्दा. यंत्र आणि हार्ड रॉक यांच्यात भिंत आहे असं तुम्ही धरून चाललाय. ती भिंत खुद्द रॉकवाल्यांनीच फार लवकर ओलांडली. 1971 मधलं द हू या ब्रिटिश रॉक बँडचं ‘बाबा ओ’रायली’ घ्या. पहिल्या सेकंदापासून जे फिरत राहतं ते ऑर्गनच्या आपोआप पुनरावृत्ती करणाऱ्या यंत्रणेतून निघालंय. त्या नावातले बाबा म्हणजे आपले मेहेरबाबा, ज्यांची समाधी अहिल्यानगरजवळ मेहेराबादला आहे. द हूचा गिटारवादक पीट टाउनशेंड त्यांचा अनुयायी. बाबांविषयीची माहिती सिंथेसायझरला पुरवून त्यातून संगीत काढायचं, ही त्याची मूळची कल्पना. त्याच आल्बमच्या शेवटच्या गाण्यात ऑर्गन सिंथेसायझरमधून काढलाय, आणि स्टेजवर ते वाजवताना बँडचा ड्रमर कीथ मून हेडफोन लावून टेपच्या तालावर ड्रम वाजवायचा. हार्ड रॉकमधला सगळ्यात बेबंद ड्रमर यंत्राच्या मागे चालत होता, आणि तरीही तो कीथ मूनच होता.

दुसरं उदाहरण क्वीनचं. त्यांनी सत्तरच्या दशकातल्या काही आल्बमवर आवर्जून छापलं होतं की यात सिंथेसायझर वापरलेला नाही. अगदी तुमचीच भूमिका. मग 1980 च्या आल्बममध्ये त्यांनी तो उघडपणे वापरला. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फ्रेडी मर्क्युरी त्यामुळे कमी दर्जाचा गायक ठरला नाही. टेक्सासच्या झीझी टॉपनी 1983 मध्ये ड्रम मशीन आणि सिंथेसायझर घेऊन आपला सगळ्यात गाजलेला आल्बम केला. उलट दिशेने पाहिलं तर लेड झेपलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले जॉन बॉनमचे जिन्याच्या उंच पोकळीत, वर माइक टांगून नोंदलेले ड्रम 1986 मध्ये बीस्टी बॉइजनी उचलले आणि हिपहॉपच्या पायाशी घातले. आणि लेड झेपलिनचं ते गाणं तरी कुठे त्यांचं होतं? 1929 मधल्या मेम्फिस मिनी आणि कॅन्सस जो मॅकॉय यांच्या ब्लूजवरून त्यांनी ते केलं होतं.

‘बॅक इन ब्लॅक’ हा आल्बमही श्रद्धांजलीच आहे, हे तुमच्यासारख्या चाहत्याला मी सांगायला नको. फेब्रुवारी 1980 मध्ये बँडचा गायक बॉन स्कॉट गेला, जुलैत हा आल्बम आला. कव्हर काळं, ते दुखवट्याचं. सुरुवातीला घंटेचे टोल.

डॉल्बीबद्दल एवढंच म्हणेन की महाद्वार रोडवर मिरवणुकीत जे वाजतं त्याचं काम वेगळं आहे. ते रस्त्यावर शेकडो माणसांना एका पावलावर नाचवण्यासाठी बांधलेलं असतं, छातीत बसणाऱ्या बेसवर. त्याच्या आवाजाच्या पातळीबद्दल माझंही मत कडक आहे. पण ते करणारी मुलं अडाणी नाहीत, मिक्सिंग टेबलवर त्यांची मेहनत मी पाहिली आहे. ‘डॉल्बीछाप’ ही कोल्हापुरात शिवी होऊ नये असं मला मनापासून वाटतं. आणि इलेक्ट्रॉनिक संगीत हे काही बाहेरून लादलेलं खूळ नाही. चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये मुंबईत रोलंडच्या टीबी-303 आणि टीआर-808 या यंत्रांवर दहा राग ध्वनिमुद्रित केले. शिकागोतल्या पोरांनी त्याच 303 वर अ‍ॅसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत उभं केलं ते त्यानंतर.

त्यामुळे कप्पा राहणार, आणि दारावरचा ‘रॉक’ही राहणार.

तुमच्या सीडीचं म्हणाल तर आठ दिवसांत डिस्क बदलून देण्याची आमची पद्धत सगळ्यांसाठी आहे, ट्रिब्यूटसाठीसुद्धा. पावती आणि डिस्क घेऊन या. मूळ ‘बॅक इन ब्लॅक’ची सीडी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे. फरकाचे पैसे निघाले तर परत मिळतील.

एक विनंती आहे. शनिवारी संध्याकाळी या, तेव्हा मागच्या खोलीतली सिस्टीम चालू असते. डी क्रुप्स या जर्मन बँडने 1992 मध्ये केलेली मेटॅलिकाची गाणी तुम्हाला ऐकवायची आहेत, आणि 1987 मध्ये लायबाख या स्लोव्हेनियातल्या बँडने केलेलं क्वीनचं गाणं, जर्मन भाषेत, लष्करी कूच वाटावी अशा तालात. आधी मूळ लावू, मग हे. तुमच्या आवडीच्या रिफची कुठे वाट लावलीये असं वाटलं तर तिथेच थांबवून सांगा. तिथे कोण बरोबर यावर वाद घालायला मला आवडेल, आणि शनिवारी येणारी बाकीची मंडळीही त्यात भाग घेतील. त्यांतले निम्मे तुमच्या बाजूचे आहेत.

— दुकानमालक, राजारामपुरी, कोल्हापूर