तंबूत अर्धा वॅट पुरतो: ‘जास्त वॅट, जास्त एमएएच’ या सल्ल्याला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईच्या ट्रेकिंग ग्रुपांवर कॅम्पिंगच्या दिव्याबद्दलचा एक मेसेज फिरू लागतो. त्याचा आशय असा: दिवा घेताना वॅट आणि एमएएच (मिलिअँपिअर-तास, बॅटरीवर छापलेली क्षमता) बघा, दोन्ही जितके जास्त तितकं चांगलं. खोक्यावर ५० तास लिहिलं असेल तर दोन रात्री निवांत. वर सोलर पट्टी असली की चार्जिंगची काळजी मिटली, नाहीतर १०,००० एमएएचची पॉवर बँक आणि यूएसबी बल्ब न्या. प्रकाश पांढराशुभ्रच हवा, त्याने किडे आणि साप लांब राहतात. आणि आयपी६५ असेल तर पावसात बिनधास्त टांगा. या सल्ल्यावर विसंबून माहुलीच्या पायथ्याशी किंवा प्रबळमाचीवर मुक्कामाला गेलेला माणूस दुसऱ्या रात्री अंधारात बसण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

सुरुवात वॅटपासून. वॅट म्हणजे उजेड नव्हे. बॅटरी किती वेगाने रिकामी होते त्याचं ते माप. उजेड लुमेनमध्ये मोजतात. बऱ्यापैकी एलईडी दिवा, आतल्या सर्किटमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, एका वॅटमागे ८० ते १०० लुमेन देतो. म्हणजे अर्ध्या वॅटला ४० लुमेन. घरातला नऊ वॅटचा बल्ब ९०० लुमेनच्या आसपास देतो, त्यामुळे हा आकडा किरकोळ वाटतो. पण दोन-तीन माणसांच्या तंबूत दिवा डोक्यापासून हात-दीड हातावर असतो. चहूबाजूंना सारखा पसरणारा ४० लुमेनचा दिवा एक मीटरवर साधारण ३ लक्स (जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उजेड पाडतो. पौर्णिमेचं चांदणं पाव लक्सच्या आसपास असतं, म्हणजे हा उजेड त्याच्या दहापटीहून जास्त. पिशवीतून कपडे काढायला, स्लीपिंग बॅग उलगडायला, गप्पा मारत जेवायला तो पुरतो. वाचायचं असेल तर हेडटॉर्च मंद करून वापरावा. शिवाय डोळ्याचा हिशेब सरळ नाही: लुमेन चौपट केले तरी उजेड जेमतेम दुप्पट झाल्यासारखा वाटतो, बॅटरी मात्र चौपट वेगाने संपते.

स्टेशनबाहेरच्या पदपथावर ‘१०० वॅट’ छापलेले मुठीएवढे कंदील मिळतात. त्यांच्यात बहुतेक वेळा एकच १८६५० मापाचा (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) लिथियम सेल असतो. हा सेल अगदी चांगल्या प्रतीचा असला तरी त्यात १२-१३ वॅट-तास ऊर्जा मावते (एक वॅटचा दिवा तासभर चालवणारी ऊर्जा म्हणजे एक वॅट-तास). कंदील खरोखर १०० वॅट ओढत असता तर सात-आठ मिनिटांत विझला असता आणि त्याआधी हातात धरवला नसता. प्रत्यक्षात तो तीन ते पाच वॅटवर चालतो.

आता एमएएच, कारण खरी फसगत इथे होते. एमएएचचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याला सेलच्या व्होल्टने गुणून हजाराने भागलं की वॅट-तास मिळतात आणि तुलना फक्त त्यांचीच करता येते. २००० एमएएचचा रिचार्जेबल पेन्सिल सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे २.४ वॅट-तास. तेवढ्याच एमएएचचा लिथियम सेल ३.७ व्होल्टचा, म्हणजे ७.४ वॅट-तास. आकडा तोच, ऊर्जा तिप्पट. तीन पेन्सिल सेल एकापुढे एक जोडले तर व्होल्ट वाढतात, एमएएच २०००च राहतात. काही विक्रेते मात्र तिघांची बेरीज करून ६००० छापतात.

छापलेला आकडा खरा की खोटा हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर कळतं. १८६५० सेल ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो आणि चांगल्या कंपनीचा सेल ३५०० एमएएचच्या आसपास थांबतो. ९९०० छापलेला सेल खोटाच समजा. २०,००० एमएएचसाठी असे सहा सेल लागतील, म्हणजे नुसत्या सेलचंच वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या वर जाईल. सगळा कंदील मिळून १५० ग्रॅम भरत असेल तर छापील आकड्याला काही अर्थ उरत नाही. सेल सुटा घेत असाल तर त्यावर बीआयएसच्या (भारतीय मानक ब्यूरो) चिन्हासोबत आयएस १६०४६ हे मानक आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा, लिथियम सेलना ही नोंदणी सक्तीची आहे.

मग किती ऊर्जा लागते? दोन रात्रींचा हिशेब मांडू, एका वॅटमागे ८० लुमेन धरून. तंबूतला दिवा ४० लुमेन, रोज चार तास: अर्धा वॅट गुणिले आठ तास, म्हणजे ४ वॅट-तास. स्वयंपाकाच्या जागी १२० लुमेन, रोज दीड तास: साडेचार वॅट-तास. रात्रभर तंबूच्या दाराशी ४ लुमेनची खूण, रोज सात तास: पाऊण वॅट-तासाहून कमी. एकूण नऊ-सव्वानऊ. ३००० एमएएचच्या एका प्रामाणिक लिथियम सेलमध्ये ११ वॅट-तास असतात, त्यातले दहाच्या आसपास हाती लागतात. म्हणजे ४७ ग्रॅमचा एक सेल दोन रात्री काढतो. तीन रिचार्जेबल पेन्सिल सेलचा एक संच ७.२ वॅट-तासांचा, तो पुरणार नाही. दुसरा संच सोबत हवा. वाटचालीसाठी हेडटॉर्च वेगळा, त्याचे सेल वेगळे.

वाटेत सेल घेऊ असं ठरवत असाल तर पायथ्याच्या गावातल्या दुकानात बहुधा झिंक-कार्बनचे स्वस्त सेल मिळतात. ‘हेवी ड्यूटी’ असं छापलेलं असलं तरी त्यांच्यात अल्कलाइनच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा असते. जुना-नवा सेल एकत्र घालू नका: जुना आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि तो गळू लागतो. गळलेल्या अल्कलाइनमुळे सेलच्या टोकांना टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर पांढरी पूड धरली असेल तर ती अल्कधर्मी असते. कापसाच्या बोळ्याला थोडं व्हिनेगर लावून पुसलं की निघते. आपल्याकडच्या दमट हवेत सेल आत ठेवून दिवा कपाटात टाकला की पुढच्या मोसमात हेच काम हमखास निघतं.

रात्रभराच्या खुणेचा दिवा घरीही करता येतो. तीन अल्कलाइन पेन्सिल सेलचा होल्डर, ५ मिलिमीटरचा एक वॉर्म व्हाइट (पिवळसर) एलईडी आणि ६८ ओहमचा एक रेझिस्टर (प्रवाह आवरणारा भाग), तिघं एकापाठोपाठ. साडेचार व्होल्टमधून एलईडीचे सव्वातीनच्या आसपास वजा केले की १८ मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह वाहतो, पाच-सहा लुमेन मिळतात. सेल उतरत जातात तसा प्रवाहही उतरतो, त्यामुळे एका संचावर शंभर तासांहून जास्त चालतो. रेझिस्टर गाळू नका. स्वस्त कंदिलांत वीस-चोवीस एलईडी रेझिस्टरशिवाय समांतर जोडलेले असतात. त्यातला ज्याचा व्होल्ट थोडा कमी तो जास्त प्रवाह खातो, तापतो, निळसर पडून मरतो, मग त्याचा वाटा शेजाऱ्यावर येतो. एक गेला की पाठोपाठ बाकीचे जातात ते यामुळे.

‘५० तास’ कसे मोजतात तेही समजून घ्या. टॉर्चसाठीच्या एफएल१ मानकात सुरुवातीचा उजेड दिवा लावल्यावर ३० सेकंदांनी मोजतात आणि तो त्याच्या १० टक्क्यांवर उतरेपर्यंतचा काळ ‘रनटाइम’ म्हणून छापतात. म्हणजे २०० लुमेनचा दिवा २० लुमेनवर येईपर्यंतचा काळ. हे मानक पाळणाऱ्यांचं. न पाळणारे वाटेल ते छापतात. ज्या दिव्याच्या माहितीत मंद, मध्यम आणि पूर्ण या तिन्ही पायऱ्यांचे लुमेन आणि तास वेगवेगळे दिलेत, तोच घ्या. सर्वांत मंद पायरी ५ ते १० लुमेनची असावी. पुष्कळ कंदिलांची ‘मंद’ पायरीच १०० लुमेनची असते. तंबूत ते डोळ्याला नकोसं होतं आणि बॅटरीही जाते.

सोलर पट्टीबद्दल. कंदिलाच्या टोपीवरची पट्टी ६ सेंटिमीटर गुणिले ६ सेंटिमीटर धरा. भर दुपारच्या स्वच्छ उन्हात तिच्यावर साडेतीन वॅटच्या आसपास ऊर्जा पडते, त्यातून फार तर ०.७ वॅट वीज निघते. पट्टी आडवी, ऊन तिरपं, वर धूळ, म्हणून प्रत्यक्षात ०.३ ते ०.५. एवढ्यावर ७.४ वॅट-तासांचा सेल भरायला १५ ते २५ तास कडक ऊन हवं. जून ते सप्टेंबरमध्ये, ढगांत, हे विसराच. आणि कडक ऊन मिळालं तरी दुसरी अडचण उभी राहते: तापलेल्या कातळावर ठेवलेल्या कंदिलाचं तापमान ४५ अंशांच्या वर जातं, आणि त्यापुढे लिथियम सेल चार्ज करू नये. ही पट्टी अडीअडचणीला थोडा वेळ उजेड मिळवण्यापुरती धरा.

पॉवर बँकेचा सल्ला बरोबर वाटतो, पण त्यात एक खाच आहे. १०,००० एमएएच हा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा आकडा. ५ व्होल्टवर त्यातले ६००० च्या आसपास मिळतात. पाठीवर बारीक अक्षरात ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून तेच छापलेलं असतं. तरीही ते ३० वॅट-तास, म्हणजे भरपूर. अडचण वेगळीच आहे: बहुतेक पॉवर बँका प्रवाह ५०-१०० मिलिअँपिअरच्या खाली गेला की फोन भरला असं समजून स्वतःला बंद करतात. पाव वॅटचा मंद दिवा ५ व्होल्टवर ५० मिलिअँपिअरच ओढतो. परिणामी उजेड मंद केला की मिनिटाभरात सगळं विझतं, आणि लोक बल्बला दोष देतात. काही जण समांतर ४७ ओहमचा रेझिस्टर जोडून प्रवाह वाढवतात. तो एकटा अर्धा वॅट जाळतो, म्हणजे तंबूच्या दिव्याएवढा, आणि पाव वॅटचा रेझिस्टर वापरला तर करपतो. घेताना ‘लो करंट मोड’ असलेली पॉवर बँक बघा. त्याहून बरं म्हणजे स्वतःचा सेल असलेला दिवा घ्या आणि पॉवर बँक तो दिवा भरण्यापुरती ठेवा.

पांढऱ्याशुभ्र प्रकाशाने किडे पळतात हे तर पार उलटं आहे. बहुतेक निशाचर किड्यांना निळा आणि अतिनील प्रकाश ओढतो, आणि थंड पांढऱ्या एलईडीत निळा भाग जास्त असतो. ३००० केल्विन (प्रकाशाच्या रंगाचं माप) किंवा त्याखालचा पिवळसर दिवा घ्या आणि तो तंबूच्या दारापासून दोन-तीन मीटर लांब टांगा. साप उजेडाला बिचकून लांब राहत नाहीत. दिव्याभोवती किडे, किड्यांमागे बेडूक-पाली, आणि त्यांच्यामागे साप येऊ शकतो. मंद लाल उजेड अंधाराला सरावलेला डोळा फारसा बिघडवत नाही, एरवी ती सवय परत यायला २०-३० मिनिटं लागतात. पण लाल उजेडात चालू नका: वाळक्या पानांतलं तपकिरी फुरसं त्यात वेगळं दिसत नाही. पाय टाकायची वेळ आली की हेडटॉर्चचा पांढरा प्रकाश, तोही जमिनीकडे.

मेअखेर ते जून काजवे पाहायला प्रबळमाची, सिद्धगड किंवा भंडारदऱ्याला जात असाल तर कंदील बंदच ठेवा. काजव्यांची नर-मादी लुकलुकून एकमेकांना शोधतात. तंबूबाहेरचा ५०० लुमेनचा दिवा तो संकेत बुडवतो. बसल्या जागी लाल, मंद, खाली वळवलेला उजेड तेवढा चालेल, आणि पाय टाकताना तिथेही हेडटॉर्चचा पांढरा प्रकाश, जमिनीकडेच.

राहिलं आयपी६५. पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ५ म्हणजे पाण्याची धार सोसेल, बुडलेलं सोसणार नाही. त्यासाठी शेवटचा आकडा ७ हवा, एक मीटर पाण्यात अर्धा तास. आणि ही चाचणी चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण घट्ट असताना केलेली असते. झाकण सैल झालं किंवा दिवा चार्ज होताना पाऊस आला की आकड्याला किंमत नाही. वाशीत किंवा ठाण्यात दुकानातच ते झाकण दहा वेळा उघडून-लावून बघा. सोबत दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल न्या आणि चार्जिंग सुरू होतं का तपासा. स्वस्त दिव्यांत ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर खर्च वाचवायला गाळलेले असतात, मग ते फक्त जुन्या चपट्या यूएसबीच्या केबलवरच भरतात, आणि हे मुक्कामी पोचल्यावर कळतं.